नवशिक्या धावपटूची जोपासना

लांब पल्ल्याच्या पहिल्या शर्यतीची तयारी नाव नोंदवण्यापासून सुरू होते. धावणे त्यानंतर पुष्कळ दिवसांनी येते. मधल्या काळात बूट, घड्याळ, टोपी आणि गॉगल यांची खरेदी होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्यात फ्लेक्सची भर पडते. मंचर किंवा नारायणगावच्या चौकात 'हाफ मॅरेथॉनसाठी हार्दिक शुभेच्छा' या अक्षरांखाली उमेदवाराचा हाताची घडी घातलेला फोटो आणि त्याच्याखाली शुभेच्छुकांचे दोन डझन चेहरे झळकले, की माघारीची वाट बंद होते. घबराटीचा उगम इथेच आहे. अंतराचे एक वेळ माणूस निभावून नेईल. शुभेच्छुकांना काय सांगणार?

अंतर २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनचे निम्मे. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या बैठकीपर्यंत भरलेले अंतर. १९२१ मध्ये तेच कायम झाले. इंग्लंडच्या राजाची सोय झाली, तिचा निम्मा भार आता ओतूरच्या तरुणाने वाहायचा आहे.

बुटांचे प्रकरण जरा विस्ताराने पाहावे लागते, कारण तयारीचा बहुतेक खर्च तिथेच होतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा घाट घातला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. आजचा नवशिका हा इतिहास ऐकतो, मान डोलावतो आणि कार्बन प्लेटचे बूट मागवतो. बूट पायाला नीट बसणारे आणि शर्यतीआधी महिनाभर वापरलेले असावेत, एवढाच त्यातला नियम आहे. नवे कोरे बूट शर्यतीच्या दिवशी घातले तर सातव्या-आठव्या किलोमीटरला टाचेवर फोड येतात आणि बुटांची किंमत आठवू लागते.

सराव पहाटे करायचा असतो, आणि इथे या भागाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू होतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी शिवारात पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिले. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नसते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. धावपटूंसाठी असे काही नाही. त्यामुळे उजाडायच्या आत पळणारा माणूस दिसला की पारावरून येणारा 'का रं, कोण माग लागलंय?' हा प्रश्न थट्टेचा नसतो, चौकशीचा असतो. बिबट्यासमोर पळू नये, वाकू नये, आवाज करत मागे सरावे, असे वनखाते सांगते. बिबट्या ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पळतो, म्हणजे त्याच्याशी स्पर्धेत उतरण्यात अर्थ नाही. धावताना दोन वाक्ये सहज बोलता येतील एवढाच वेग ठेवावा, असे व्यायामशास्त्र सांगते. मोठ्याने बोलत, घोळक्याने जावे, असे वनखाते सांगते. दोन शास्त्रांचे एवढे एकमत दुसऱ्या कुठल्या तालुक्यात क्वचितच आढळेल. उजाडल्यावर जुन्नर ते लेण्याद्री आणि परत, हा साधारण दहा किलोमीटरचा पल्ला नवशिक्याला पुरेसा आहे.

(त्याच उसातून, त्याच अंधारात, रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. त्याला टी-शर्ट मिळत नाही, बिब नंबर मिळत नाही, वाटेत पाणी धरून कोणी उभे नसते.)

सरावाची पद्धत शिकायला पुस्तक नको, गोठा पुरे. हा बैलगाडा शर्यतीचा मुलूख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यती कायम केल्या. साडेसात वर्षांची ती साडेसातीच होती. शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात; तिथली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, जेमतेम बारा-तेरा सेकंदांची. त्या सेकंदांसाठी गाडामालक वर्षभर बैलाला चालवतो, पोहायला नेतो, अंगाला मालिश करतो, वेळच्या वेळी खुराक घालतो, आणि जत्रा झाली की विश्रांती देतो. लंगडताना दिसला तर त्या दिवशी जुंपत नाही. पल्ला हळूहळू वाढवणे, आठवड्यातून एकदाच लांब पळणे, मध्ये आरामाचे दिवस ठेवणे, शेवटच्या दोन आठवड्यांत सराव कमी करणे, दुखऱ्या पायावर न पळणे हे सगळे धडे त्यात आले. तोच गाडामालक स्वतः शर्यतीत नाव घालतो तेव्हा तीन आठवडे पलंगावर असतो, चौथ्या आठवड्यात एकदम अठरा किलोमीटर पळतो आणि गुडघा धरून मंचरच्या दवाखान्यात बसतो. बैलाचा खुराक वहीत लिहिलेला असतो. मालकाचा वडापाव कुठेच नोंदलेला नसतो. बैलाला आणखी एक सोय आहे. शेजारच्या गावचा बैल काल किती पळाला, हे त्याच्या मोबाइलवर येत नाही.

आदल्या दिवशीच्या जेवणाबद्दल मतभेद आहेत, ते घरातच होतात. भात, भाकरी, साधे वरण असे ओळखीचे आणि हलके खावे, असे शास्त्र म्हणते. 'उद्या एवढं पळायचंय, पोटात काही नको का?' असे आई म्हणते आणि मासवड्यांचा बेत करते. खसखस, तीळ, खोबरे आणि लसूण भरलेली मासवडी, त्यावर तर्रीदार रस्सा. हे जेवण नाकारणे अवघड आहे, पण मासवडीचा रस्सा आणि एकवीस किलोमीटर यांचा मेळ बसत नाही, याचा निकाल वाटेतल्या पहिल्या शौचालयाजवळ लागतो.

आदल्या रात्री झोप येत नाही. त्याने फारसे बिघडत नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्रींची झोप महत्त्वाची. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात, तेव्हा मागे राहावे. पाणी तहान लागेल तसे घोट घोट प्यावे. प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिणेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातले मीठ पातळ होते. सातारच्या हिल मॅरेथॉनसारखी शर्यत निवडली असेल, तर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचाही आहे, हे ध्यानात ठेवावे. उतारावर मांड्यांच्या स्नायूंना जास्त मार बसतो. शिवनेरीचे सात दरवाजे चढून गेलेल्या कोणालाही हे दुसऱ्या दिवशी कळलेले असते.

ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि आठवड्याच्या आत जाते. तोवर जिना कठडा धरून, उलट्या पावलांनी उतरावा. शुभेच्छुकांनी वेळ विचारलीच, तर ठरलेल्या मुदतीत पोचलेल्या शेवटच्या माणसालाही बहुतेक शर्यतींत तेच पदक देतात, एवढे सांगावे. फ्लेक्स मात्र उमेदवाराने स्वतः उतरवावा, नगरपंचायतीची वाट पाहू नये.