एका शब्दावर विद्वान व्हा (नवशिक्यांसाठी)

विद्वान व्हायला हल्ली पूर्वीइतके कष्ट पडत नाहीत. एक शब्द पुरतो. तो परका हवा, जुना हवा आणि श्रोत्यांना त्याचा काडीचाही उपयोग नसावा. आमची शिफारस 'मँटलेट'ला. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा एक अर्थ बायकांनी खांद्यांवरून घ्यायचा आखूड झगा आणि दुसरा अर्थ किल्ल्याला वेढा घालताना पुढे ढकलत न्यायची मोठी ढाल. एवढं पाठ झालं की तुम्ही निम्मे विद्वान झालातच.

१. मूळ लगेच सांगू नका. खरं मूळ फारच सोपं आहे, हीच तर पंचाईत. लॅटिनमध्ये 'मँटेलम' म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र. फ्रेंचांनी ते उचललं, शेपटीला लहानपणाचा प्रत्यय लावला, झाला छोटा झगा. झगा माणसाला झाकतो, ढालही झाकते, म्हणून नाव तेच. दीड मिनिटात संपणाऱ्या गोष्टीला कोणी मानधन देत नाही. तेव्हा चष्मा काढा, पुसा आणि 'हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही' असं म्हणून घोटभर पाणी प्या.

२. मग संस्कृत काढा. मंडल, मंडप, जे आठवेल ते. व्हॅटिकन म्हणजे वाटिका असं ठासून सांगणारे आपल्याकडे होऊन गेले, तेव्हा तुमच्या मंडपाला कोण अडवणार? कोणी पुरावा मागितलाच, तर मागणाऱ्याच्या संस्कारांबद्दल हळू आवाजात काळजी व्यक्त करा.

३. कोशाचा दाखला द्या, कोश दाखवू नका. डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा इंग्रजी कोश उत्तम. त्यात झगा आधी येतो आणि लढाई नंतर. सुमारे तीन इंच जाडीच्या फळ्या एकावर एक ठोकून जवळजवळ सहा फूट उंची गाठायची, वरून पत्रा मढवायचा, खाली छोटी चाकं लावायची आणि खंदक खणणाऱ्यांच्या पुढे हे धूड ढकलत न्यायचं, म्हणजे शत्रूच्या बंदुकांपासून आडोसा मिळतो. 'तीन इंच' म्हणताना बोटांनी जाडी दाखवा. विद्वत्ता बोटांत असते. छोटी चाकं चिखलात रुतल्यावर ढकलणाऱ्यांनी काय करायचं, हे विचारू देऊ नका. बिचारे ढकलणारे व्याख्यानाला येत नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

४. आता रोमन आणा. इथे घाई करू नका, कारण माल अस्सल आहे. इसवी सनापूर्वी ४९ मध्ये सीझरच्या सैन्याने मसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेयला, वेढा घातला. सीझर स्वतः मधूनच स्पेनकडे निघून गेला (मोठ्या माणसांना असं जमतं) आणि काम त्याचा सेनाधिकारी ट्रेबोनियस याच्यावर पडलं. त्याच्या लोकांनी आपल्या बुरुजापासून शत्रूच्या तटापर्यंत साठ फूट लांबीचा भक्कम लाकडी बोगदा उभारला. वरून आग टाकतील, म्हणून उतरत्या छपरावर विटा आणि चिखल. पाणी सोडून तो चिखल धुऊन काढतील, म्हणून विटांवर कातडी. आणि कातडी दगडांनी फाटू नयेत, जळू नयेत, म्हणून सगळ्यावर काय? गोधड्या! ठिगळं जोडून शिवलेल्या. शहरवाल्यांनी धोंडे लोटले, डांबर भरून पेटवलेली पिंपं सोडली. पिंपं घरंगळत बाजूला पडली, सैनिकांनी ती काठ्यांनी लांब ढकलली आणि बोगद्यातले लोक पहारींनी शत्रूच्या बुरुजाचे दगड उचकटत राहिले. जगज्जेत्यांची लाज गोधडीने राखली म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या आजीबाई टाळी वाजवणारच.

या बोगद्याला रोमन लोक मँटलेट म्हणत नसत. ते त्याला 'मस्क्युलस' म्हणत, म्हणजे पिटुकला उंदीर. हे बोलू नका. उंदराने व्याख्यानाची शान जाते.

५. एक मासा सोडा. स्पॅनिश 'मांता' म्हणजे घोंगडी, तीच वेढ्यातली आडोशाची ढालही आणि पाण्यातला तो पसरट मांटा रे मासाही. १५२०मध्ये मेक्सिकोत स्पॅनिश सेनानी कोर्तेसने चाकांवरचे लाकडी मांते बांधून रस्त्यांतून नेले. गच्च्यांवरून पडणाऱ्या दगडांनी आणि तोडलेल्या पुलांनी त्यांचे हाल केले. फार खोलात जाऊ नका, श्रोते माशातच रमतात.

६. 'डिसमँटल' राखून ठेवा. तटबंदी उतरवली की किल्ल्याच्या अंगावरचा झगा उतरला, अशी या शब्दामागची जुनी कल्पना. इथून थेट सह्याद्रीत उतरा. १८१८नंतर आपल्याकडच्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंगांनी उडवल्या. आजही गिर्यारोहक त्या तुटक्या टप्प्यांवर दोर बांधून चढतात. सभागृह गप्प होईल, दोन-चार डोळे पाणावतील. हाच क्षण. बाहेरच्या टेबलावर तुमची पुस्तकं सवलतीत आहेत, हे सांगून टाका.

७. प्रश्नोत्तरं शक्यतो टाळा. न टळल्यास मागच्या रांगेत ताठ बसलेले निवृत्त मेजरसाहेब उठतील आणि म्हणतील, मँटलेट म्हणजे रणगाड्याच्या तोफेच्या बुडाशी असलेलं, तोफेबरोबर वरखाली होणारं जाड चिलखत. ते बरोबर आहेत, नाइलाज आहे. जर्मन पँथर रणगाड्याचं मँटलेट गोलसर होतं. त्याच्या खालच्या अर्ध्यावर बसलेला गोळा घसरून थेट चालकाच्या डोक्यावरच्या पातळ पत्र्यात घुसायचा, म्हणून १९४४मध्ये त्याला खाली हनुवटीसारखा पुढे आलेला भाग जोडावा लागला. हे सगळं मेजरसाहेब हातवारे करून सांगतील आणि श्रोते माना वळवून त्यांच्याकडे पाहू लागतील. वाद घालू नका. पुढच्या महिन्याचं व्याख्यान त्यांनाच देऊन टाका आणि चहा आल्याचं जाहीर करा.