तीन घरं, एक पत्ता

आमच्या तिन्ही घरांचा पत्ता एकच होता. सांगलीत आई-बाबा, ठाण्यात मी आणि अमेरिकेत एडिसनला ताई, ही झाली पोस्टमनच्या हिशेबातली विभागणी. राउटरच्या हिशेबात तिघांचाही मुक्काम 192.168.1.1. तुमचं घरही बहुधा तिथेच किंवा दोन पावलांवर निघेल. राउटर उलटा करून मागचं लेबल बघा.

याचं मूळ फेब्रुवारी 1996 मध्ये आहे. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी तेव्हा काही आकडे खासगी वापरासाठी कायमचे बाजूला काढले. साऱ्या जगाला मिळून पत्ते जेमतेम 429 कोटी. ते घरोघरच्या प्रिंटरवर कोण उधळणार? तेव्हा घरात आणि कचेरीत हे राखीव आकडे खुशाल वापरा, उंबऱ्याबाहेर मात्र ते चालणार नाहीत, असं ठरलं. त्याच कागदात एक शहाणपणाचा सल्लाही आहे. पुढेमागे दोन नेटवर्कं जोडायची वेळ येईल, म्हणून राखीव साठ्यातला आकडा डोळे मिटून कुठूनही उचला, म्हणजे टक्कर बहुधा होणार नाही. राउटरच्या कारखान्यांपर्यंत हा सल्ला पोचलेला दिसत नाही. 192.168 ने सुरू होणारे 65,536 पत्ते समोर असताना बहुतेकांनी सुरुवातीचेच मोजके उचलले.

आमच्याकडे जोडायची वेळ आली ती बाबांच्या फोटोंमुळे. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले सगळे अल्बम आणि निगेटिव्ह स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर ठेवले. डिस्क राउटरशेजारी, टीव्हीच्या कपाटात. ताई म्हणाली, क्लाउडवर टाका, सगळ्यांना दिसतील. बाबा म्हणाले, "आपल्या घरचे फोटो परक्याच्या गोदामात कशाला? ज्याला बघायचेत त्याने घरी यावं." आता घरी येण्याची काहीतरी सोय करणं एवढंच आमच्या हाती होतं, आणि ती सोय म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटमधूनच दोन घरांना जोडणारी कुलूपबंद वाट.

व्हीपीएन म्हटलं की आमच्या सोसायटीत लोक आवाज खाली आणतात. परदेशातल्या मॅचेस बघायची चोरवाट एवढीच त्याची ख्याती. "ते सरकारने बंद केलंय ना?" असं एका गृहस्थांनी जिन्यात विचारलंसुद्धा. बंद वगैरे काही केलेलं नाही. 2022 मध्ये सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलून नेले, इतकंच. आमच्यात विकणारा कोण आणि गिऱ्हाईक कोण?

तांत्रिक सल्लागार म्हणजे ताईचा मुलगा. त्याने एडिसनहून व्हिडिओ कॉलवर पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, तिघांपैकी दोघांना नंबर बदलावा लागेल. कोण बदलतंय?" कारण सरळ होतं. सांगलीची डिस्क 192.168.1.10 वर, आणि माझा प्रिंटरही 192.168.1.10 वर. मी ठाण्यातून आत्याच्या लग्नाचे फोटो मागितले की ती मागणी घराबाहेर पडायचीच नाही. पत्ता घरातलाच दिसतोय म्हटल्यावर जाईल कशाला? ती प्रिंटरपाशी जाणार, आणि प्रिंटर सांगणार की शाई संपली आहे.

बाबांनी पत्ता बदलायला साफ नकार दिला. "आधारवर हाच आहे," ते म्हणाले. हा पत्ता वेगळा, हे त्यांना पटलं, तरी मुद्दा सुटेना. "मग मी कशाला बदलू? लहानांनी बदला." तंत्रज्ञानात याला उत्तर नाही. सांगली जागच्या जागी राहिली, ठाण्याला पत्त्यातला तिसरा आकडा 20 मिळाला आणि एडिसनला 30. आकडा बदलताच माझा प्रिंटर रुसला, ताईचा दारावरचा कॅमेरा हरवला. दोघांनाही जुनाच पत्ता घोकून ठेवायची सवय. सांगलीत मात्र कशाला धक्का लागला नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचे असे व्यावहारिक फायदेही असतात.

मग किल्ल्या. आम्ही वापरतो ते व्हीपीएन म्हणजे वायरगार्ड, जेसन डोनेनफेल्ड या माणसाने लिहिलेलं. 2020 पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक घरातलं यंत्र स्वतःसाठी दोन किल्ल्या घडवतं. एक खासगी, ती यंत्राबाहेर काढायची नाही. दुसरी उघडी, ती जोडीदाराला द्यायची. उघडी किल्ली म्हणजे 44 अक्षरांची गिचमिड: लहान-मोठी लिपी, आकडे, अधेमधे अधिकचं चिन्ह आणि शेवटी बरोबरचं. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी बिघडत नाही. पण बाबा तार खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीची सुरुवात कट्ट-कडकट्टवर केलेली. "मजकूर मी वाचतो, तू लिहून घे आणि परत वाचून दाखव," असा हुकूम आला. त्यांनी पाच-पाच अक्षरांचे गट पाडून, प्रत्येक गटानंतर श्वास घेत, शून्य आणि ओ यांच्यात तसूभर संशय न ठेवता ती सांगितली. मी परत वाचली. त्यांनी "ओके" म्हटलं ते मला नव्हे, पलीकडच्या कुठल्यातरी तार ऑफिसला.

सांगलीत एक अडचण निघाली. तिथला ब्रॉडबँडवाला एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटतो. त्यामुळे बाहेरून आपणहून कुणाला आई-बाबांच्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. आतून बाहेर गेलेल्या निरोपाचं उत्तर तेवढं परत येतं, तेही थोडा वेळच. शांतता पसरली की वाट बुजते. म्हणून सांगलीच्या यंत्राने ठाण्याला दर 25 सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायचं, वाट उघडी राहावी म्हणून. आई मी प्रवासात असलो की "कुठवर आलास?" असा फोन करते, ज्यात सांगण्यासारखं काही नसतं, तसाच हा प्रकार. फक्त तिचं अंतर 25 सेकंदांपेक्षा किंचित जास्त असतं.

हे सगळं बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मध्ये कोण वाचतं?"

मी म्हटलं, कुणी नाही. ब्रॉडबँडवाल्याला सांगली ठाण्याशी बोलतेय एवढं कळेल, किती बोलतेय तेही कळेल; काय बोलतेय ते नाही. बाबांना हे जरा लागलं असावं. त्यांच्या काळात मधला माणूस सगळं वाचायचा. गावात कुणाला मुलगा झाला आणि कुणाचा बाप गेला, हे त्या घरच्यांच्या आधी तारवाल्याला ठाऊक. तोंड बंद ठेवायचं ही नोकरीची अट. 1885 च्या तार कायद्यात मजकूर फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगाची तरतूद होती.

"आणि सांगलीहून एडिसनला?"

ते ठाण्यावरून जातं, मी म्हणालो. कायमचा खरा पत्ता फक्त माझ्याकडे, महिन्याला थोडे जास्त पैसे मोजून घेतलेला. दोघंही मला येऊन मिळतात. सांगलीहून आलेलं माझ्या यंत्रात उलगडतं आणि एडिसनसाठी पुन्हा नव्याने बंद होतं.

"उलगडतं ना? म्हणजे मधला माणूस आहेच," बाबा म्हणाले. "तो तू आहेस."

चाळीस पानी माहितीपत्रकांत हा मुद्दा इतक्या स्वच्छ शब्दांत मला सापडला नव्हता. त्यांनी माझ्याकडून तोंडी वचन घेतलं आणि मगच डिस्कची वाट उघडू दिली.

फोटो आता एडिसनला दिसतात, एकेक चित्र पाव सेकंदभर रेंगाळून. कुणी कुठवर यायचं हेही लिहून दिलंय: ताईला डिस्क आणि सांगलीच्या अंगणातला कॅमेरा खुला, बाबांचा कॉम्प्युटर बंद. भाच्याला प्रिंटरपुरती परवानगी हवी होती, ती आजोबांनी "कारण?" एवढाच शेरा मारून प्रलंबित ठेवली आहे. आईला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ती दुपारी अंगणात तांदूळ निवडायला बसते आणि तेव्हा तिला कुणी बघितलेलं आवडत नाही. भाच्याने वेळेनुसार कॅमेरा बंद करणारा नियम लिहायला घेतला, तोवर एडिसनला चित्र काळं झालं. ताईने रात्री जागून फोन केला, "आई, कॅमेरा बिघडला का गं?"

"नाही, चांगला चालू आहे," आई म्हणाली. "त्यावर ह्यांचा पंचा वाळतोय."