एकदाच सांगणार!

माझं माहेर दौंड आणि सासर शिरूर. म्हणजे एकीकडे रेल्वेचं जंक्शन आणि दुसरीकडे रेल्वेचा पत्ताच नाही. या दोन गावांत जपानीवाचून कुणाचंच कधी अडलं नव्हतं. पण नगर रस्त्याला सुप्यात जपानी कंपन्यांसाठी खास औद्योगिक पट्टा आला, पुतण्याला तिथल्या नोकरीची स्वप्नं पडू लागली आणि "काकू, एकट्याने अभ्यास होत नाही," म्हणत त्याने जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या अर्जात मलाही ओढलं. रांजणगावातली एलजी कोरियन आहे, तू कोरियन शीक, असं मी सुचवून पाहिलं. ऐकतोय कोण!

या परीक्षेच्या २००९ पर्यंत चारच पायऱ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. एन-वन सगळ्यात वरची, एन-फाइव्ह सगळ्यात खालची. हा उलटा जिना काही सासूबाईंच्या पचनी पडला नाही. "सून जपानी पाचवीला बसलीय," असं त्यांनी आळीभर सांगितलं. मी गप्प बसले. पाचवी म्हटलं की आधीच्या चार यत्ता झाल्यात असं लोक आपोआप धरतात.

अभ्यासाची सुरुवात तर झकास झाली. जपानी मुळाक्षरं क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालतात. ही चाल ओळखीची वाटते, कारण मूळची आपलीच आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णमाला तिकडे पोचली आणि तिच्यावरून हा क्रम बसला. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागून, सगळं मराठीसारखं. आकडे तर आपल्याहून सरळ, एकोणपन्नासला ते 'चार-दहा-नऊ' म्हणतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीच्या घोळातून जो सुखरूप बाहेर पडला, त्याला जपानी आकडे काय घाबरवणार?

मोजायच्या प्रत्ययांपाशी पुतण्या रडकुंडीला आला. लांब वस्तूंना एक, चपट्यांना दुसरा, पुस्तकांना तिसरा. मी म्हटलं, "अरे, मेथीची जुडी, कडब्याची पेंढी, उसाची मोळी, भाकरीची चवड. जन्म गेला की आपला यात!" तारखांनी मात्र मलाही रडवलं. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांची नावं जवळजवळ सगळीच नेहमीच्या आकड्यांहून निराळी. त्यातही चार तारीख 'योक्का' आणि आठ तारीख 'योओका'. कान जरा चुकला, की रांजणगावच्या गणपतीला चतुर्थीऐवजी अष्टमीला पोचलात म्हणून समजा.

आणि कानाचीच तर खरी परीक्षा. एन-फाइव्हला एकूण १८० पैकी ८० गुण मिळाले की पास, पण ऐकण्याच्या ६० पैकी किमान १९ हवेतच. ध्वनिफीत वाजते एकदाच. तिच्यातली बाई फळवाल्याकडे सफरचंदं मागते, महाग म्हणून नको म्हणते, संत्र्यांचा भाव विचारते, मग तिला आठवतं की संत्री घरात आहेत. तर बाईंनी शेवटी घेतलं काय? मला काय माहीत? मी अजून सफरचंदांच्या भावावर! आमच्या घरात कुठलीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय सांगितली असं धरत नाहीत. आमचे हे बाजारात उभे राहून फोन करतात, "काय आणायचं म्हणालीस?" दौंडच्या फलाटावर तीन भाषांतल्या घोषणा ऐकत वाढले, म्हणून माझा कान तयार आहे अशी माझी समजूत होती. पण तिथे ऐकू आलं नाही तर शेजारच्याला विचारता येतं. इथे शेजारच्याला विचारलं तर परीक्षेतूनच बाहेर काढतात.

वर गंमत अशी, की या परीक्षेत बोलायचं नसतं. लिहायचंही नसतं, पेन्सिलीने पर्यायांचे गोल काळे करायचे, बस्स. तोंडातून अवाक्षर न काढता भाषा येते हे सिद्ध करायचं! जपान्यांचं एवढं एक सासूबाईंना मनापासून पटलं. "सुनेला बोलू न देणारी परीक्षा? दर महिन्याला ठेवा म्हणावं."

परीक्षा असते जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि केंद्र पुण्यात. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. दौंडकरांनी सकाळची गाडी धरावी. शिरूरकरांनी मात्र वाघोलीतल्या वाहतुकीवर विश्वास ठेवू नये. शनिवारी रात्री उतरायला पुण्यातला एखादा नातेवाईक आधीच हेरून ठेवावा, आणि त्याच्याशी आतापासून गोड बोलायला लागावं.