लाहतीचा नाद

माझ्या पिस्तुलांच्या संग्रहात एकही पिस्तूल नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ‘मला जुन्या पिस्तुलांचा नाद आहे’ असं म्हटलं की घरी आलेल्या माणसाची नजर कपाटाकडे जाते आणि तो खुर्ची जराशी मागे सरकवतो. कपाटात पुस्तकं आहेत, कात्रणांच्या फायली आहेत, संग्रहालयांतून विकत आणलेली चित्रं आहेत आणि एक भिंग आहे. भिंगाला कुणी हसू नये. या नादात भिंगाशिवाय पान हलत नाही.

खरं पिस्तूल नसण्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि मला आवडतं तसलं ९ मिलिमीटरचं लष्करी पिस्तूल साध्या नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. उरलेल्या शस्त्रांचा परवाना खटपट करून मिळवलाच, तरी २०१९च्या दुरुस्तीनंतर तिनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोन वस्तूंची जोडी होते, संग्रह होत नाही. पण माझी कायद्याबद्दल काडीची तक्रार नाही. मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभा पाहिलेल्या आहेत.

जिथे असा संग्रह करता येतो, तिथेही तो मोकाट करता येत नाही. स्वीडनमध्ये संग्राहकाला आपल्या संग्रहाचा विषय आणि त्याच्या सीमा पोलिसांपुढे मांडाव्या लागतात. ‘मला सगळंच आवडतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. (ही अट आपल्याकडे साड्यांना आणि पुस्तकांना लावली तर अनेक घरांत जागा होईल.) अमेरिकेत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या बंदुकीला कुतूहलाची ऐतिहासिक वस्तू म्हणून वेगळा मान मिळतो. पन्नाशी उलटल्यावर मान वाढतो असं हे एकच खातं माझ्या पाहण्यात आहे.

माझा जीव जडला तो फिनलंडच्या लाहती एल-३५वर. लुगर सगळ्यांनाच ठाऊक असतं. युद्धपटांतल्या दुष्ट जर्मन अधिकाऱ्यांनी ते इतकं नाचवलं आहे की त्याच्यावर प्रेम करण्यात आता काही कर्तृत्व उरलेलं नाही. लाहती दिसायला लुगरचं सख्खं भावंड. तीच तिरकी मूठ, तशीच उघडी, बारीक नळी. नवखा माणूस हटकून त्याला लुगर म्हणतो, आणि ती चूक दुरुस्त करण्याचं सुख ज्याने घेतलं त्यालाच ते कळेल. कारण आत सगळा प्रकार निराळा. लुगरमध्ये गोळी सुटली की वरचा सांधा दुमडून उभा राहतो. लाहतीत बोल्ट सरळ मागेपुढे सरकतो आणि सगळी यंत्रणा बाहेरून झाकलेली. घोडासुद्धा आत. फिनलंडच्या बर्फाला आणि चिखलाला शिरायला फट ठेवायची नाही, एवढा एकच हट्ट. शिवाय पोटात एक छोटी तरफ, जी मागे येणाऱ्या नळीचा जोर बोल्टला देते, म्हणजे कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट झालं तरी तो अडखळू नये. या सगळ्यापायी वजन गेलं सव्वा किलोच्या घरात. पूर्ण उघडून साफ करायचं तर सैनिकाच्या हातात कारागिराची हत्यारंही हवीत. थोडक्यात, बर्फ आत जाऊ शकत नाही आणि सैनिकही.

ज्याने हे घडवलं तो आइमो लाहती १८९६ साली वीआला नावाच्या गावी जन्मला. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही; जे शिकला ते स्वतःच. पहिल्या कमाईतून त्याने एक जुनी बेर्दान रायफल विकत घेतली. आपल्याकडे पहिल्या पगारातून आईला साडी घेण्याची पद्धत आहे. त्याच्या आईचं यावर काय मत पडलं, याची नोंद माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. पुढे त्याने फिनलंडला सुओमी ही नामांकित सबमशीनगन दिली, आणि २० मिलिमीटरची, जवळपास पन्नास किलोंची एक रणगाडाविरोधी रायफल दिली, जिला सैनिक ‘हत्तीची बंदूक’ म्हणत. त्या मानाने सव्वा किलोचं पिस्तूल म्हणजे त्याने फार आवरतं घेतलं असंच म्हटलं पाहिजे. युवास्कुला इथल्या सरकारी कारखान्यात ही पिस्तुलं अगदी संथपणे तयार झाली. सगळी मिळून नऊ हजारांच्या आसपास. जगभरच्या संग्राहकांत वाटायला नऊ हजार फारच थोडी, म्हणून त्यांची नजर वळते शेजारच्या स्वीडनकडे.

आणि स्वीडनची हकिगत मी कुणी न विचारताही सांगतो.

स्वीडनने १९०७ साली बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं ब्राउनिंग पिस्तूल सैन्यासाठी निवडलं. त्याचं नाव एम/०७. पहिलं महायुद्ध पेटलं, बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला आणि माल यायचा बंद झाला. तेव्हा ते पिस्तूल हस्कवर्ना या आपल्याच कारखान्यात बनवावं लागलं. पुढे नवं पिस्तूल हवं झालं. या वेळी जर्मनीचं वाल्टर पसंत केलं, एम/३९ असं बारसंही उरकलं. थोडे नग हाती पडतात तोच दुसरं महायुद्ध, आणि जर्मनीला स्वतःची पिस्तुलं स्वतःलाच पुरेनात. बरं, मग शेजारच्या फिनलंडकडून लाहती घ्यावं, तर ३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसलेल्या. स्वीडनने ज्याच्या दारात जावं त्याच्या घरी लढाई. अखेर पिस्तुलांऐवजी ती बनवण्याचा हक्क घेतला आणि एका स्वीडिश कंपनीवर काम सोपवलं. त्या कंपनीचं दिवाळं निघालं. काम फिरून पुन्हा हस्कवर्नाच्याच पदरात. तिथे १९४० ते १९४६ या काळात चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास पिस्तुलं तयार झाली. नाव एम/४०.

माझ्यापुरता मी एक सिद्धांत बनवला आहे. सैन्याचं कुठलंही पिस्तूल दुर्मीळ दिसलं की समजावं, त्याच्यामागे एखादी सरकारी योजना फिसकटलेली आहे. योजना सुरळीत पार पडली तर लाखो पिस्तुलं होतात आणि संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. कुठे करार मोडला, कुठे देश बुडाला, कुठे कंपनी बसली की आमच्या लोकांचे डोळे लकाकतात.

हस्कवर्ना मात्र बसली नाही. १६८९ साली राजाच्या फौजेसाठी बंदुका करायला निघालेला हा कारखाना. पण शांतता फार दिवस टिकू लागली, की बंदुका करणाऱ्याने करायचं काय? हस्कवर्नाने १८७२पासून शिलाई मशिनं केली, मग सायकली, मोटारसायकली, पुढे करवती आणि गवत कापायची यंत्रं. कारखान्याच्या गावी संग्रहालय आहे. माझी भाची तिथून जवळच, योनशोपिंगला राहते. तिने मला नेलं. एका दालनात बंदुका, दुसऱ्यात शिलाई मशिनं, पुढे स्वयंपाकघरातली अवजारं. मी शिलाई मशिनांपाशीच रेंगाळलो, कारण घडाईचा हात ओळखू येत होता. भाची म्हणाली, “मामा, तुला एवढ्या लांब बंदुका दाखवायला आणलं, आणि तू मशिनीचं हँडल काय फिरवतोयस?” तिला सांगितलं की या कंपनीचं चिन्ह म्हणजे मुळात बंदुकीच्या नेमाची आकृती आहे, त्याच्यावर मुकुट. ते चिन्ह बंदुकीवर होतं, आणि शिवणयंत्रावरही.

ते आता पुण्यातही आहे. याच नावाच्या मोटारसायकली २०२०पासून चाकणला बजाजच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. मोटारसायकलवाली कंपनी कधीच वेगळी होऊन चार हातांतून फिरली, तरी चिन्ह टिकलं. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने तसली गाडी घेतली, तेव्हा मी त्याला टाकीवरचं चिन्ह दाखवून थेट १६८९पासून सुरुवात केली. त्याने हेल्मेट घातलेलंच होतं. तो फार आदराने मान हलवत राहिला. त्याला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

आता भिंगाकडे येतो. फौजेची सगळी धडपड असते ती हजारो पिस्तुलं एकसारखी व्हावीत म्हणून. एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे. आणि संग्राहकाची सगळी धडपड असते ती त्यांत फरक शोधण्याची. फिनिश लाहतीला चेंबरमध्ये गोळी असल्याची खूण दाखवणारा एक खटका असतो, स्वीडिशला नाही. स्वीडिशची नळी किंचित लांब, चापाभोवतीची कडी जाड, मुठीवर हस्कवर्नाचं चिन्ह. मग शिक्के. मग क्रमांक: सगळ्या भागांवर जुळतात की मध्येच कुणी परका भाग घुसवला आहे? होल्स्टर मूळचं आहे का, त्यात दोन जादा मॅगझिनं आणि नळी साफ करायची सळई आहे का? स्वीडनमध्ये आसरा घेतलेल्या डॅनिश लोकांची जी ब्रिगेड उभी राहिली, तिलाही ही पिस्तुलं मिळाली आणि १९४५च्या मे महिन्यात ती डेन्मार्कला गेली. तसलं एखादं हाती लागलं तर संग्राहक गावजेवण घालतो. पिस्तूल तेच, पण एक समुद्र ओलांडून आलेलं.

एम/४०ची खरी गंमत शेवटी आहे. हस्कवर्नाने वापरलेलं पोलाद फिनिश पोलादाच्या तोडीचं नव्हतं. त्यात स्वीडिश सैन्याने सबमशीनगनसाठी जी जोरकस काडतुसं काढली, ती याच मापाची असल्यामुळे या पिस्तुलांतही जाऊ लागली. पिस्तुलांना चिरा पडू लागल्या. १९८०च्या दशकात सैन्याने एम/४० काढून घेतलं. आता अधिकाऱ्यांच्या कमरेला लावायचं काय? तेव्हा गोदामातून एम/०७ बाहेर काढलं, ज्याच्या जागी हे पिस्तूल आलं होतं तेच. नव्या साहेबांना काही जमेना म्हणून पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कला निरोप धाडावा आणि त्याने धोतर झटकून दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हावं, तसं ते १९०७चं पिस्तूल रुजू झालं. ऑस्ट्रियाचं ग्लॉक १९८८ साली ठरलं, तोवर त्याने खिंड लढवली. माझ्या कपाटातल्या सगळ्या फायलींत ही फाईल सगळ्यांत जास्त हाताळली गेलेली आहे.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त स्वीडिश गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे परवान्यासकट, पोलादी कपाटात, चार एम/४० आहेत. ते ती उडवत नाहीत. चिरेचं भय आहेच, पण मुळात उडवावीत असं त्यांच्या मनातच येत नाही. त्यांनी चारही पिस्तुलं रिकामी असल्याची खात्री करून टेबलावरच्या कापडावर ओळीने मांडली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. भाचीने मात्र नीट निरखून पाहिलं आणि मराठीत मला विचारलं, “मामा, चारही सारखीच तर आहेत. एक पुरलं नसतं का?”

ती काय म्हणाली ते गृहस्थांनी विचारलं. तिने बिचारीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्यांनी काही न बोलता खुर्ची पुढे ओढली, पांढरे सुती हातमोजे चढवले आणि पहिल्या पिस्तुलाच्या चापाच्या कडीपासून सुरुवात केली. त्यांना इंग्रजी शब्द अडला की मी पुरवत होतो, मला माहिती अडली की ते पुरवत होते. दुसऱ्या पिस्तुलाच्या क्रमांकावर आमचा थोडा मतभेदही झाला. तिसऱ्याला हात घालणार, इतक्यात भाची उठली.

“मामा, तुमचं चालू दे. मी तेवढ्यात बाजार करून येते.”