बिनखात्याचा मंत्री

आमच्या घरातलं खातेवाटप लग्नाच्या पहिल्याच वर्षात उरकलं. अर्थ, शिक्षण आणि परराष्ट्र (म्हणजे माझ्या आईशी बोलणी) ही खाती बायकोकडे गेली. माझ्या वाट्याला आला हाफ क्लच.

हे खातं लहान नव्हे. खंबाटकीच्या चढावर पुढे उसाची ट्रॉली आणि मागे एसटी असताना ज्याने गाडी एक इंचही मागे न जाऊ देता उचललीय, त्याला विचारा. डावा पाय हळूहळू वर घ्यायचा, उजव्याने जरा रेस द्यायची. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तेवढ्यात हँडब्रेक सोडायचा. मला हे पायाने येत होतं. बायकोला मात्र मी ते तोंडाने शिकवत होतो.

तिचं लायसन्स २००३ सालचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० मध्ये मास्तरांच्या पायाशीही एक क्लच-ब्रेक असायचा, त्यामुळे गाडी नक्की कोण चालवतंय हे तिला कधी कळलं नाही. आरटीओत तिने आठचा आकडा काढला आणि पास झाली. मग शेजारी मी बसलो. "क्लच! अगं, सोडू नकोस! आता सोड! एवढा नाही!" कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. चौथ्यांदा बंद पडल्यावर तिने किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, दार उघडलं आणि फुटपाथवरून चालत घरी गेली. त्यानंतर तिने माझ्या गाडीला हात लावला नाही, आणि खातं माझ्याकडे सुरक्षित राहिलं.

गिअरचा अभिमान आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. वडिलांची बजाज चेतक होती. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू आणि गिअरची भानगडच नाही. वडील म्हणाले, "ही स्कूटर नव्हे, मिक्सर आहे." समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंनी तो मिक्सर घेतला. पावसाळ्यात वडील रेनकोट घालून चेतक एका अंगावर तिरकी करत, मग किका मारत घामाघूम व्हायचे आणि काकू "येते हं" म्हणून त्यांच्या पुढ्यातून निघून जायच्या. तरी वडिलांचं मत बदललं नाही. मतं ही बदलण्यासाठी नसतातच, निदान आमच्या पेठेत.

मोटारींच्या बाबतीत अमेरिकेने हा आगाऊपणा फार आधी केला होता. ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलांत क्लचचं पेडलच काढून टाकलं. आपल्याकडे मात्र ऑटोमॅटिक म्हणजे पैसेवाल्यांची आणि पेट्रोल पिणारी, अशी समजूत बरीच वर्षं टिकून होती. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि मध्यमवर्गाचा धीर चेपला. आमचा चेपायला आणखी दहा वर्षं लागली.

एएमटी म्हणजे काय, हे शोरूममधल्या पोराने समजावलं तेव्हा मला खरा धक्का बसला. क्लच असतोच, गिअरबॉक्सही बराचसा जुन्याच धाटणीचा. फक्त क्लच दाबायला पायाऐवजी एक यंत्र बसवलेलं. म्हणजे माझं खातं रद्द झालं नव्हतं, दुसऱ्याला दिलं होतं. हे जास्त लागलं.

त्यात ते यंत्र नवशिकं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्षणभर विचार करतं, आणि तेवढ्यात गाडीतले सगळे एकदम मान डोलावतात. आमच्या घरात एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी स्टिअरिंगवर मीच होतो. बायकोच्या मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स. पहिला स्पीडब्रेकर दिसला आणि माझ्या डाव्या पायाने तीस वर्षांच्या सवयीने क्लच गच्च दाबला. तिथे क्लच नव्हता. ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेकचं पेडल चांगलं ऐसपैस असतं, ते होतं. गाडी जागच्या जागी थिजली. नारळ डॅशबोर्डवर आपटला, पेढे काचेपर्यंत पोचले. बायकोने एक पेढा उचलला, फुंकर मारून खाल्ला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही इकडे या. यात क्लच नाही ना? मग मला येतं."

आणि तिला आलं. तेच लायसन्स चाललं, कारण आपल्याकडे कारच्या लायसन्सवर असा भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. तो देश मला एकदम शहाणा वाटू लागला.

डिसेंबरच्या सुट्ट्यांत साताऱ्याला निघालो. खंबाटकीत नेहमीप्रमाणे जॅम. मी संधी साधली. "चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नकोस, आतला क्लच तापतो."

"ब्रेकवरच आहे पाय. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते. तुम्ही वाचलंत का?"

एवढ्यात तो वास आला. जळकट, उग्र, ओळखीचा. पुढच्या जुन्या गाडीची क्लच प्लेट होरपळत होती. एक कोवळा पोरगा अर्धा फूट पुढे, एक फूट मागे करत होता आणि बाजूला त्याची आई गणपतीच्या मूर्तीकडे बघून हात जोडत होती. मी दार उघडून खाली उतरलो. कित्येक महिन्यांनी कुणालातरी माझी गरज होती.

"अरे बाळा, हाफ क्लचवर धरू नकोस. हँडब्रेक लाव."

"काका, तुम्हीच काढता का प्लीज?"

मी बसलो. सीट मागे घेतली. डावा पाय क्लचवर ठेवला, जुना मित्र भेटावा तसा. पुढची गाडी हलली. पोराला म्हटलं, "नीट बघ हं. पाय असा हळूहळू..."

गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती बंद पडली तेव्हा मागून हॉर्न वाजायला लागला, लांबलचक, न थांबता. मी आरशात पाहिलं. गाडी आमचीच होती.