लाटसाहेब

ऑफिसात वायफाय बसवायचं ठरलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "आपल्यात टेक्निकल कोण आहे?" आणि मी मान खाली घातली. मान खाली घालण्याचीही एक पद्धत असते. ती अशी घालायची की सगळ्यांनी आपल्याकडेच बघावं. माझी पात्रता एवढीच, की दोन वर्षांपूर्वी अडकलेला प्रिंटर मी बंद करून पुन्हा चालू केला होता, आणि बंद करण्याआधी 'हं' म्हणालो होतो. लोकांच्या लक्षात ते 'हं' राहिलं.

कंपनीचा मुलगा पाठीला सॅक अडकवून आला, आल्याआल्या मला 'काका' म्हणाला आणि लॅपटॉपवर आमच्या इमारतीचा नकाशा रंगवायला बसला. याला हीट मॅप म्हणतात. हिरवं म्हणजे रेंज उत्तम, पिवळं म्हणजे चालवून घ्या, तांबडं म्हणजे खिडकीत जाऊन हात वर करा.

"काका, भिंत कसली टाकू? वीट, काँक्रीट, काच, प्लायवूड?"

त्याच्या यादीत आमची भिंतच नव्हती. शनिवार पेठेतली इमारत आमची. पुढचा भाग काळ्या दगडाचा, चुन्यातला, दोन फुटी. मागचा आरसीसीचा, नंतर जोडलेला.

"दगड टाका."

"दगड नाहीये, काका."

"मग काँक्रीट दोनदा टाका."

त्यानं माझ्याकडे आदरानं बघितलं. निदान मला तसं वाटलं, आणि तेव्हापासून मी हवेत. वायफायही हवेतच असतं, त्यामुळे ते मला जवळून कळू लागलं, असा माझा समज झाला.

रात्री जागून वाचायचं आणि दुपारी डबा खाताना तेच सहकाऱ्यांना वाढायचं, असा माझा क्रम सुरू झाला. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण अर्धी वीत लांब असते. 5 गिगाहर्ट्झची त्याच्याही निम्मी. ती वेगवान खरी, पण भिंत दिसली की दमते. छताला लावतात तो वायफायचा पांढरा डबा साधारण शंभर मिलिवॉटनं बोलतो, म्हणजे जुन्या झिरोच्या दिव्याच्या दीडशेव्या हिश्शानं. मग त्याचा आवाजच वाढवू की, असं अकाउंटच्या मॅडमनी सुचवलं. मी करुणेनं हसलो. आवाज वाढवून काही होत नाही, कारण फोनचा आवाज बारीक तो बारीकच राहतो. स्टेजवरच्या वक्त्याला माईक दिला म्हणून मागच्या रांगेतल्या माणसाचा प्रश्न त्याला ऐकू जातो का? हा दृष्टान्त मी एका आठवड्यात चार वेळा दिला. पाचव्या वेळी मामा शिपाई म्हणाले, "माईक मागं पाठवायचा ना."

साहेबांची अडचण वेगळीच होती. रेंज डीबीएममध्ये मोजतात आणि ते आकडे उण्यातच असतात. उणे 67 मिळालं की फोनवरचं बोलणंसुद्धा अडखळत नाही. त्यातून तीन गेले की ताकद निम्मी. माझा तक्ता बघून साहेब गंभीर झाले.

"अहो, सगळंच मायनसमध्ये?"

"साहेब, ते चांगलं आहे."

"असेल. पण हे वर पाठवायचंय. प्लस करा."

मग मी हातात फोन धरून प्रत्यक्ष मोजणीला निघालो. खोलीखोलीत थांबायचं, आकडा लिहायचा. आकडे वाईट आले. कंपनीच्या नकाशापेक्षा कितीतरी वाईट. मुलाचा नकाशा साफ चुकला, हे मी जरा मोठ्यानंच जाहीर केलं. तो निमूटपणे आला, माझे दोन्ही खांदे धरून त्यानं मला गोल वळवलं आणि म्हणाला, "आता वाचा, काका." मघाशी उणे 71 होतं, आता उणे 65. डब्याकडे पाठ करून, फोन पोटाशी धरून मी अख्खी इमारत मोजली होती. दगडी नाही, आरसीसी नाही. मोजणीभर वाटेत आलेली भिंत मीच होतो.

इथे मला जगदीशचंद्र बोस आठवले. ते मला तसे कुठेही आठवतात. घरी तर माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं की कुकर लावायला उठतात. पण गोष्टच तशी आहे. 1895 च्या सुमाराला कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी तारेवाचून लहरी सोडल्या आणि पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. लहरींच्या वाटेत भिंती होत्या, आणि सभेचे अध्यक्ष म्हणून बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नरही होते. लहरी त्यांच्या देहातून आरपार गेल्या असं सांगतात. लाटसाहेबांमधून लाट! मार्कोनीनं समुद्रापार संदेश धाडायच्या आधी आमच्या माणसानं गोऱ्या सत्तेच्या पोटातून सिग्नल काढला होता. आता शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाणी असल्या लहरी पिऊन टाकतं. तेव्हा त्या आरपार न जाता लाटसाहेबांना वळसा घालून गेल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. वरिष्ठांना वळसा घालूनच कामं होतात, हे मी सत्तावीस वर्षं बघतो आहे. बोसांना पेटंटचाही मोह नव्हता म्हणे. इथे मी, दोन काँक्रीटच्या सूचनेचं श्रेय मिळावं म्हणून ती मीटिंगच्या इतिवृत्तात घालून घेतली.

असो. मोजणी पुन्हा केली, या खेपेला पोट बाजूला ठेवून. साहेबांच्या केबिनला स्वतंत्र डबा लागला. साहेब आठवड्यातून दोनदा तिथे असतात. बावीस माणसं बसतात त्या हॉलला एकच. डबे डोकी मोजून लावायचे असतात हे मला ठाऊक होतं, पण आमच्याकडे खुर्च्या मोजतात, त्याही फिरत्या. तेवढं सोडलं तर नकाशा हिरवागार झाला. फक्त जिन्याखालची जागा तांबडी राहिली. दगडी कमान, एक बाक, जुन्या फायलींची कपाटं. मोबाइलची रेंज तिथे कधीच नव्हती. तिथे एक डबा लावला की माझं शंभर टक्के होणार होतं.

त्या दिवशी अकाउंटच्या मॅडम टेबलाशी आल्या.

"जिन्याखाली पण लावणार का हो?"

"लावणार म्हणजे काय! एक इंच सोडणार नाही."

"नका लावू."

मी बघत राहिलो. त्या अगदी हळू बोलत होत्या. "सव्वा ते पावणेदोन मी तिथे बसते. घरी माहीत आहे, इथे माहीत आहे, की तिथे फोन लागत नाही. सकाळी सहापासून कोणी ना कोणी विचारतच असतं. डबा कुठंय, गोळ्या कुठायत, व्हाउचर कुठंय. तेवढा अर्धा तास मला कोणाला काही सांगावं लागत नाही."

मग आणखी काही जण एकेकटे येऊन तेच सांगून गेले. मामा तिथे डुलकी काढतात. टायपिंगचा नवा मुलगा तिथे नुसता बसतो. आणि मला साहेबांचा रात्री दहा चाळीसचा मेसेज आठवला. तिकडे त्यांच्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या असणार, कारण लगेच पुन्हा साहेब: 'पाहिलंत ना?' घास हातात धरून मी 'हो साहेब' असं टाइप केलं होतं. इतके दिवस मी माणसांपर्यंत रेंज पोचवतो आहे अशा तोऱ्यात होतो. रेंज बंदुकीलाही असते.

रेंज आणण्यापेक्षा ती अडवणं अवघड, हे मला तेव्हा कळलं. वरच्या मजल्यावरून ती जिन्यानं उतरते, माणसासारखी. मी एक डबा सहा फूट पलीकडे सरकवायला लावला, त्याची ताकद कमी करून घेतली आणि फायलींनी ठासून भरलेली दोन लोखंडी कपाटं कमानीच्या तोंडाशी आडवी लावली. कपाटं सरकवायला मॅडम, मामा आणि टायपिंगचा मुलगा न बोलावता आले होते. मोजलं: उणे 91. एवढ्या वाईट आकड्यानं एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"काका, इथे रेड पडतंय," मुलगा म्हणाला.

"पडू दे."

साहेबांनीही त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"तिथे दगड आहे, साहेब."

"प्लस होणार नाही?"

"नाही होणार."

त्यांनी सही केली.

वायफाय सुरू झाल्यापासून मला सुख नाही. फोन वाजतो, टेबलाशी माणूस उभा राहतो, लघवीला गेलो तर शेजारच्या बेसिनवरून आवाज येतो: नेट गेलं. शेवटी गेल्या आठवड्यात दीडच्या सुमाराला डबा घेऊन मीही कपाटांच्या फटीतून आत शिरलो. बाक भरलेलं होतं. मॅडमनी पदर सावरून जरा जागा केली. फोनवरची एकुलती काडी विझली. मी पोळीचा तुकडा मोडला.

मामांनी मिटलेल्या डोळ्यांपैकी एक उघडला.

"साहेब, वरचं नेट चालत नाही."

मी 'हं' म्हणालो.