बाई, हा बघा ना!

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला ज्या बाई असतात, त्यांची एक वाक्य सलग पुरं करायची सवय कधीच सुटलेली असते. "तर मुलांनो, क काढताना आधी... तिची वेणी सोड... आधी गोल काढायचा, मग... उठू नकोस, तिथूनच सांग..." शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला. तीस मुलांच्या तक्रारींमागे किती, याबद्दल कायदा गप्प आहे. तिथं एकट्या बाईच.

तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी नाक पुसायचं, हा बाईंचा पहिला नियम. दुसरा, रडून घ्यायचं आणि मग बोलायचं. "रडत सांगितलेलं मला ऐकूच येत नाही बघ," असं म्हणून त्या हजेरीपटात डोकं घालतात. हुंदके आवरेपर्यंत निम्म्या तक्रारी विरून जातात. उरलेल्यांसाठी तिसरा नियम: आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग दुसऱ्याचं.

"बाई, मी फक्त ढकललं."

"आणि?"

"आणि फक्त एकदाच चावलो."

पोराला न्याय नको असतो, आपलं म्हणणं कोणीतरी शेवटपर्यंत ऐकायला हवं असतं, हे बाईंना डी.एड.च्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. रोज ऐकून ऐकून ते कळलंय. म्हणून त्या कुठलीच तक्रार हसण्यावारी नेत नाहीत. "बाई, हा मला मनातल्या मनात चिडवतोय," हीसुद्धा नाही.

"मनातलं तुला कसं ऐकू आलं?"

"त्याचं तोंड 'ढोल्या' म्हणल्यासारखं झालं होतं."

मग बाई त्या तोंडाची रीतसर पाहणी करतात. "बरं, आता मनातल्या मनात त्याची माफी माग," म्हणतात. तो मागतो. ती पोचली की नाही, हेही विचारतात. पोचलेली असते.

बापाचं नाव घेऊन चिडवणं हा सगळ्यात गंभीर मामला. नाव काही वाईट नसतं, पण ते मधल्या सुट्टीत मोठ्याने कोणी घेतलं की मारामारी ठरलेली. बाई हजेरीपट उघडून दाखवतात. "मी रोज सकाळी सगळ्यांच्या बापाचं नाव घेते. कोणी रडतं का?" कोणी रडत नाही. उलट आपल्या बापाचं नाव बाईंनी पुन्हा एकदा घ्यावं म्हणून रांग लागते.

२०२३च्या नोव्हेंबरात सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. सरकारला त्यात प्रथिनं दिसली, बाईंना पुढचं भांडण दिसलं. अंडं संपवून एक जण केळ्याच्या रांगेत हजर. "मी माळकरी आहे." लगेच मागून आवाज, "खोटं बाई, रविवारी ह्यांच्यात कोंबडं होतं!" बाईंनी निकाल दिला, "पुढच्या वेळी माळ घालून ये, केळं देते. अंडं पोटात ठेवून माळ चालत नाही." त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडून आली, तेव्हा वर्गात कागदी विमानांच्या किती धडका झाल्या, ते सांगायलाच नको.

शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १७ने शारीरिक शिक्षाही बंद केली आणि मानसिक त्रासही. बाईंची छडी आता फळ्यावरची अक्षरं दाखवते. खरी जरब आहे टेबलाच्या खणाची. वादातला खोडरबर, गोटी, भोवरा, अर्धी पेन्सिल, सगळं खणात. अट एकच: मागायला दोघांनी मिळून यायचं. मिळून यायचं म्हणजे आधी बट्टी करायला हवी, आणि बट्टी झाली की खोडरबर कोणाला आठवतो? खण भरत जातो. एक मेला निकालपत्रकांबरोबर बाई तो रिकामा करतात, आणि "हा माझा होता" म्हणत नवी भांडणं सुरू होतात. ती मात्र पुढच्या इयत्तेच्या बाईंची.

सवय घरीही जात नाही. नवरा आणि मुलगा टीव्हीवरून भांडले की रिमोट बाईंच्या कपाटात. पुतण्याच्या लग्नात मानपानावरून व्याही तणतणायला लागले, तेव्हा बाई चटकन बोलून गेल्या, "आधी नाक पुसा." एकदा पोरांच्या मारामारीवरून दोघांचे बाप तावातावाने शाळेत आले. दोघंही बाईंचे जुने विद्यार्थी, त्यातला एक तर गावच्या तंटामुक्ती समितीत. बाईंनी दोघांना एकाच बसकरपट्टीवर बसवलं आणि खिडकीतून पोरं दाखवली. ती केव्हाची एकमेकांच्या गळ्यात हात घालून चिंचा पाडत होती. "तुम्ही बसा," बाई म्हणाल्या, "तुमचं मिटलं की सांगा." मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी बाप बसलेलेच.

अशा या बाईंची चौथीच्या बाईंशी गेल्या दिवाळीपासून कट्टी आहे. कारण कपाटाची किल्ली. बोलणं पोरांमार्फत चालतं. परवा निरोप गेला, "किल्ली पाठवा म्हणावं. आणि न विचारता माझा रंगीत खडूंचा खोका नेला, तोही." पोरगा धापा टाकत उत्तर घेऊन आला, "बाई, त्या म्हणतात, आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं!"

सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्यांना सांग," बाई म्हणाल्या, "मी फक्त कुलूप बदललं."